रेम्ब्राँच्या पवनचक्कीत राबतंय कोण?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कला महाविद्यालयात डच चित्रकार रेम्ब्राँच्या १६४१ सालच्या ‘पवनचक्की’ या एचिंगवर, म्हणजे धातूची प्लेट अ‍ॅसिडने कोरून छापलेल्या चित्रावर, निबंध लिहायला सांगितला आहे आणि विषय दिला आहे ‘ग्रामीण श्रमाचं दर्शन’. तुम्ही चित्र बराच वेळ न्याहाळलंत, पण घाम गाळणारा शेतकरी काही सापडेना. मग चक्की हेच कष्टकऱ्याचं प्रतीक, असं लिहून मोकळं व्हावं का, असं विचारताय.

नको. एकदा प्रतीक म्हटलं की माणूस पाहायचं सोडून देतो. शिवाय इथे पायाच भुसभुशीत आहे. ही चक्की खेड्यातली नाही आणि ती धान्यही दळत नव्हती.

आधी वस्तू नीट समजून घ्या. चित्र आहे साधारण साडेचौदा सेंटिमीटर उंच आणि एकवीस सेंटिमीटर रुंद. मोबाइलवर मोठं करून पाहिल्यामुळे ते भलं मोठं असावं असं वाटतं, प्रत्यक्षात हातात धरून पाहायची ती गोष्ट आहे. चक्की डावीकडे, तिच्या पायथ्याशी बुटकी घरं, आणि उजवीकडे सपाट जमीन, चार रेषांत उरकलेली. वर सगळं आकाश. खाली उजव्या कोपऱ्यात सही आणि साल.

ही चक्की होती अ‍ॅमस्टरडॅमच्या तटबंदीवर, पासेर्डर नावाच्या बुरुजावर. मालकी चामड्याचं काम करणाऱ्यांच्या गिल्डची, म्हणजे त्या कारागिरांच्या संघाची. लोक तिला ‘छोटी दुर्गंधी चक्की’ म्हणत, कारण कमावलेलं कातडं मऊ करायला तिथे कॉड माशाच्या यकृताचं तेल वापरायचे. असलं तेल कातड्यात मुरवायचं म्हणजे नुसतं चोळून भागत नाही, ते कुटून कुटून आत घालावं लागतं आणि कुटायला जोर लागतो. तो जोर वाऱ्याकडून घ्यायचा, एवढ्यासाठी चक्की. आजही अ‍ॅमस्टरडॅमच्या योर्दान भागात पासेर्डर्सख्राख्त आणि लोइयर्सख्राख्त असे दोन कालवे आहेत. दोन्ही नावं चामड्याच्या धंद्यावरूनच पडलेली, दुसऱ्याचा अर्थ तर सरळ ‘कातडं कमावणाऱ्यांचा कालवा’. त्या काळी हा भाग कारागिरांचा, मजुरांचा आणि बाहेरून पोट भरायला आलेल्यांचा होता.

वास मारणारा धंदा वस्तीच्या कडेला ढकलायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. कातडं कमावणाऱ्या ढोर समाजाची घरं आपल्या गावांत कुठे असत हे वेगळं सांगायला नको. फरक मात्र लक्षात ठेवा. तिथे धंदा जन्माने गळ्यात बांधलेला नव्हता आणि कारागिरांच्या संघाकडे यंत्राची मालकी होती. दुर्गंधी सोसणारेच चक्कीचे मालक, हे इथलं वैशिष्ट्य. निबंधात यावर एक परिच्छेद सहज लिहिता येईल.

आता तुम्ही म्हणाल, मग ‘ग्रामीण’ हा शब्द आला कुठून? माझ्या मते तो आपल्या डोळ्यांतून आला. वाफेची इंजिनं आल्यावर पवनचक्क्या हळूहळू मोडीत निघाल्या, आणि मोडीत निघालेली गोष्ट सुंदर दिसायला लागते. कॅलेंडरं, बिस्किटांचे डबे आणि पर्यटनाच्या जाहिराती यांनी चक्की म्हणजे शांत खेडं हे समीकरण पक्कं केलं. १६४१ च्या अ‍ॅमस्टरडॅमकराला तीच चक्की कारखान्यासारखी दिसली असती. तटाच्या बुरुजावर ती बांधायचं कारणही रोखठोक होतं. तिथे उंची मिळते आणि वारा अडत नाही.

दुसरा एक मोह टाळा. रेम्ब्राँ चक्कीवाल्याचा मुलगा, म्हणून त्याने बापाच्या घामाचं स्मारक केलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. वडील हार्मेन यांचा लायडनमध्ये ऱ्हाइन नदीकाठी चक्कीत हिस्सा होता हे खरं. ‘फान राइन’ हे आडनाव तिथूनच आलं. पण ती चक्की बिअरसाठी माल्ट दळणारी होती आणि हार्मेन खाऊन-पिऊन सुखी माणूस होता. आई नेल्टखन बेकरीवाल्याच्या घरातली. मुलाला लॅटिन शाळेत घालण्याएवढी ऐपत होती. १६३९ मध्ये रेम्ब्राँने अ‍ॅमस्टरडॅमच्या ब्रेस्त्रातवर १३,००० गिल्डरला घर घेतलं, ते पुढे त्याच्या गळ्याशी आलं तो भाग वेगळा. म्हणजे हे चित्र काढणारा माणूस शहरात स्थिरावलेला, नाव मिळवलेला चित्रकार होता. चक्की त्याने लहानपणापासून आतून-बाहेरून पाहिली असणार, यापेक्षा पुढे जाऊ नका. गंमत अशी की चक्कीवाल्याच्या या मुलाने जवळपास तीनशे एचिंग्ज केली, त्यांत चक्की मुख्य विषय म्हणून येते ती या एकाच चित्रात.

मग श्रम बघायचे कुठे? माझं उत्तर आहे, यंत्राच्या अंगावर. रेम्ब्राँने इथे राबणारं शरीर मध्यभागी ठेवलेलं नाही. पण माणसाचा हात जिथे जिथे लागतो त्या जागा त्याने चुकवलेल्या नाहीत.

चक्कीच्या टोपीपासून मागे खाली उतरणारे तिरपे वासे पाहा. डच लोक त्याला चक्कीची शेपूटच म्हणतात. जुन्या पद्धतीच्या, एका खांबावर पेललेल्या चक्कीत वारा फिरला की अख्खं लाकडी घर फिरवावं लागे. इथे जी आहे ती नंतरची सुधारलेली जात: धड जागेवर, फक्त टोपी फिरते आणि टोपीबरोबर पाती. ती फिरवायची या शेपटाने. शेपटाच्या टोकाला रहाट असतो, त्याची साखळी किंवा दोर जमिनीतल्या खुंटाला अडकवायचा आणि रहाट फिरवत टोपी इंचाइंचाने वाऱ्याच्या तोंडाशी आणायची. मग दोर सोडायचा, पुढच्या खुंटाला अडकवायचा, पुन्हा रहाट. दिवसातून वारा चार वेळा फिरला तर हे काम चार वेळा. चुकून मागून वारा घुसला तर टोपी उचलली जाण्याची भीती. ‘वाऱ्यावर फुकट चालणारं यंत्र’ म्हणतात त्याच्या मागे हा रहाट असतो.

नंतर पाती. चित्रात पात्यांची लाकडी जाळी दिसते. ही जाळी म्हणजे शिडाचा सांगाडा. चक्की चालवायची तर प्रत्येक पातं खाली आणून थांबवायचं, जाळीवर शिडीसारखं चढायचं आणि कापड पसरून बांधायचं. एक झालं की दुसरं, असं चौघांचं. वारा वाढला की तेच कापड गुंडाळून कमी करायचं, तेही पावसात आणि थंडीत, ओल्या कापडाला बोटं चिकटत असताना. वादळात पाती बेफाम सुटली तर ब्रेकच्या लाकडावर लाकूड घासून ठिणग्या उडतात आणि चक्की जळते. म्हणून चक्कीवाल्याची झोप वाऱ्याच्या हातात. वारा रात्री दोनला आला तर काम रात्री दोनला. वारा पडला की हात बांधून बसायचं आणि त्या दिवसाचे पैसे कोण देणार?

वारा ओळखणं, कापड किती सोडायचं याचा अंदाज, नुसत्या आवाजावरून आतल्या दात्यांची तब्येत कळणं हे सगळं कौशल्य अंगात मुरलेलं असतं. युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत नेदरलँड्सची चक्की घातली नाही, चक्की चालवण्याचं कसब घातलं. मला ही निवड फार नेमकी वाटते. तुमच्या निबंधाला या मुद्द्याचा उपयोग होईल.

इथे एक धोक्याची सूचना, आमच्या छापचित्रांच्या धंद्यातली. एचिंगमध्ये प्लेटवर काढलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. अ‍ॅमस्टरडॅम शहराचं जे एचिंग रेम्ब्राँने केलंय त्यातही शहर आरशातल्यासारखं उलटं आहे, त्याने ते सुलटं करायची तसदी घेतली नाही. तेव्हा पाती कुठल्या दिशेने फिरतात, कोणतं पातं वर आहे, यावरून तर्क बांधायचा असेल तर आधी मोबाइलमध्ये चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटवून पाहा. डच चक्क्या समोरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. थांबलेल्या पात्यांच्या स्थितीवरून आनंदाची किंवा दुःखाची बातमी गावाला कळवण्याची रीतही डच चक्कीवाल्यांत आहे: पातं सरळ उभं होण्याच्या जरा आधी थांबवलं तर आनंद, जरा पुढे जाऊ दिलं तर सुतक. उलट्या छापात दोन्हींची अदलाबदल होईल आणि तुम्ही बारशाच्या घरी समाचाराला जाल.

आता चौकटीबाहेर या. ‘ग्रामीण श्रम’ हा विषय तुम्हाला सोडायचा नसेल, तर तो इथे भेटेल.

त्या काळच्या हॉलंड प्रांतातला शेतकरी पोटापुरतं धान्य पिकवून बसलेला नव्हता. तो लोणी-चीज करायचा, धाग्यासाठी भांगेचं पीक काढायचा, बाजारासाठी शेती करायचा. धान्याचा मोठा हिस्सा बाल्टिक समुद्रातून जहाजांनी अ‍ॅमस्टरडॅमला येई. ते पिकायचं पोलंडमध्ये, विस्तुला नदीच्या खोऱ्यातल्या जमीनदारांच्या शेतांवर, आणि ते पिकवणारे होते वेठबिगार भूदास. नदीतून ते डान्झिगला, म्हणजे आजच्या ग्दान्स्कला यायचं आणि तिथून डच जहाजांत चढायचं. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या बुरुजांवरच्या पीठ दळणाऱ्या चक्क्यांमागचा शेतकरी बघायचा तर शेकडो कोस पूर्वेला जावं लागतं. चित्रात तो सापडत नाही यात नवल काय?

डच कुरणांवर गवत कापायलाही बाहेरची माणसं यायची. उन्हाळा आला की जर्मनीतल्या वेस्टफेलियातून विळे-कोयते घेऊन टोळ्या चालत येत, हंगाम करून परत जात. आपल्याकडे ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड घेऊन निघतात, तसाच हा हंगामी रस्ता. हॉलंडच्या हिरव्यागार निसर्गचित्रांत हे लोक फारच क्वचित दिसतात. गाई दिसतात.

आणि ती सपाट जमीन, जी आपण निसर्ग म्हणून पाहतो? त्या देशातली कितीतरी सपाट जमीन पाणी उपसून काढलेली आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेचं बेम्स्टर तळं १६१२ मध्ये कोरडं केलं, चाळीसहून अधिक चक्क्या लावून. पैसा लावला तो बव्हंशी शहरातल्या व्यापाऱ्यांनी, परताव्याच्या हिशेबाने. त्यांत डच ईस्ट इंडिया कंपनीशी संबंधित मंडळीही होती. बांध घालणारे, चिखल उपसणारे, खोरं-पाटी घेऊन उभे असलेले हात कुणाचे होते हे भागीदारांच्या यादीतून कळत नाही. शेतं शहरी भांडवलाने उभी राहिली आणि कारखाना शहराच्या तटावर. इतकी सरमिसळ असलेल्या देशात गाव आणि शहर अशी रेघ मारून निबंध लिहिलात तर अडकाल.

चक्की श्रम वाचवते की श्रमिकाला घालवते, हा वादही तेव्हाचाच. कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या माणसाने १५९३ मध्ये वाऱ्यावर चालणाऱ्या करवतीचं पेटंट घेतलं. गोल फिरणाऱ्या आसाला वाकडा दांडा जोडून करवत वर-खाली हलवायची युक्ती. हाताने फळ्या कापणाऱ्यांच्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या गिल्डने विरोध केला, तेव्हा हा धंदा शेजारच्या झान नदीकाठी फोफावला, तिथे गिल्डचा अडसर नव्हता. लंडनमध्ये तर १७६८ साली लाइमहाऊसची अशीच करवत-गिरणी चिडलेल्या करवतकऱ्यांनी मोडून टाकली. झानच्या स्वस्त फळ्यांनी डचांची जहाजं स्वस्त झाली. त्याच डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली, गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करणाऱ्या आरमाराला रसद मिळावी म्हणून. वखारीचे भग्नावशेष अजून उभे आहेत. हे एचिंग आणि कोकण यांच्यातलं अंतर वाटतं तेवढं नाही, पण निबंधात हा फाटा एका वाक्याच्या पुढे नेऊ नका.

आता ज्या श्रमाबद्दल मी हाताच्या अनुभवावरून बोलू शकतो त्याबद्दल. तांब्याची प्लेट घासून आरशासारखी करायची. तिच्यावर मेण, राळ आणि डांबराचा पातळ थर द्यायचा, त्याला आम्ही ग्राउंड म्हणतो. सुईने थर खरवडत चित्र काढायचं, प्लेट अ‍ॅसिडमध्ये सोडायची. जिथे तांबं उघडं पडलं तिथे अ‍ॅसिड खातं आणि खाच पडते. मग शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटी तळहाताने. ओलसर कागद, वर ब्लँकेट, आणि प्रेसचं चाक ओढायचं. प्रत्येक छापाला हे सगळं पुन्हा. दिवसभर छपाई केली की खांदे आणि मनगटं बोलायला लागतात. रेम्ब्राँच्या काळातल्या प्रेसला चार-पाच आऱ्यांचं चाक असायचं आणि ते हातापायांचा जोर लावून ओढायचे.

या चक्कीच्या आकाशात नीट पाहा, मोठं करून. बारीक बारीक भेगांचं जाळं दिसेल, वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखं. ते सुईने काढलेलं नाही. ग्राउंडमध्ये राळ जास्त झाली किंवा थर थंडीत कडक झाला की तो तडकतो, भेगांतून अ‍ॅसिड आत शिरतं आणि आकाशभर नक्षी होते. काही अभ्यासक म्हणतात हा परिणाम त्याने मुद्दाम साधला. मला तो अपघात वाटतो, पण मुद्दाम राखलेला अपघात. कारण इतक्या उथळ खुणा बर्निशरने, म्हणजे तांबं गुळगुळीत करायच्या हत्याराने, घासून घालवता येतात, कंटाळवाणं काम आहे पण अशक्य नाही. आणि प्लेट घासून पुसून दुरुस्त करण्यात रेम्ब्राँसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याने ठेवलं, कारण रिकाम्या आकाशाला त्यामुळे हवेचं वजन आलं. पात्यांना ढकलणारा वारा दाखवायचा कसा, हा प्रश्न त्या भेगांनी परस्पर सोडवला.

तुलनेसाठी दोन नावं देतो. हार्लेमचा आद्रियान फान ओस्ताडे याची एचिंग्ज पाहा: शेतकऱ्यांची घरं, दारू, नाच, बाई सूत काततेय. माणसं भरपूर, पण बरीचशी थट्टेच्या सुरात, विशेषतः सुरुवातीच्या कामात. आणि दोनशे वर्षांनंतरचा फ्रेंच चित्रकार मिले. १८५० च्या दशकातलं त्याचं ‘खणणारे’ हे एचिंग घ्या. दोन माणसं, कंबरेत वाकलेली, कुदळी-फावड्याला अंगाचं सगळं वजन दिलेलं. तिथे श्रम थेट पाठीच्या कण्यात आहे. तुमच्या प्राध्यापकांच्या मनात बहुधा मिलेचीच प्रतिमा असावी आणि ती त्यांनी रेम्ब्राँवर चढवली, असा माझा संशय. रेम्ब्राँला काम करणारी माणसं काढता येत नव्हती असं अजिबात नाही. उंदीर मारायचं औषध विकणारा फिरस्ता, पॅनकेक तळणारी बाई हे त्याने या चक्कीच्या आधीच कोरलेत. इथे त्याने यंत्र निवडलं, एवढंच.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो म्हणून सांगतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत रेम्ब्राँचं ‘चक्की’ नावाचं तैलचित्र आहे. मावळतीचा उजेड, काळसर बुरूज, वर खांबावरची चक्की, खाली पाण्याशी माणसं. १९११ मध्ये ते एक लाख पौंडांना विकलं गेलं आणि खळबळ उडाली. त्याच्यावरचं पिवळं पडलेलं वार्निश १९७० च्या दशकाच्या अखेरीस काढलं तेव्हा सोनेरी संध्याकाळ जाऊन निळं आकाश निघालं. जुन्या पुस्तकांतली भावविवश वर्णनं त्या वार्निशची आहेत. ती उचलून या एचिंगला चिकटवू नका. दोन्ही चक्क्या वेगळ्या, बनावट वेगळी, सूरही वेगळा.

निबंधाचं करायचं काय, तर विषयाला सरळ भिडा. पहिल्याच परिच्छेदात लिहा की ही चक्की शहराच्या तटावरची, चामडेवाल्यांची आहे आणि म्हणून ‘ग्रामीण’ या शब्दाला इथे प्रश्नचिन्ह लागतं. परीक्षक नाराज होईल ही भीती बाळगू नका. विषयाशी भांडणारा निबंध वाचायला कुणालाही आवडतो, फक्त पुरावा चित्रातून द्या. मग शेपूट, रहाट, जाळी. त्यानंतर चौकटीबाहेरचं, पण बाल्टिक धान्य आणि बेम्स्टर यांपैकी एकच घ्या, दोन्ही घेतलीत तर चित्र बाजूला पडेल. भेगांचा मुद्दा शेवटी ठेवा आणि जमलं तर स्वतः छोट्या झिंक प्लेटवर तडकलेल्या ग्राउंडचा प्रयोग करून त्याचा छाप सोबत जोडा. राळ थोडी वाढवायची, थर दिल्यावर प्लेट फ्रीजमध्ये ठेवायची आणि हलकेच वाकवायची. झिंकसाठी अ‍ॅसिड अगदी सौम्य घ्या, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

चित्रासाठी अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावरची मोठ्या आकाराची प्रत वापरा, ती फुकट उतरवून घेता येते. वॉशिंग्टनच्या संग्रहातला छापही शेजारी उघडून ठेवा. एकाच प्लेटचे दोन छाप कधीच सारखे नसतात. शाई किती पुसली यावर आकाश बदलतं, आणि तो फरक दोन ओळींत टिपलात तर छापचित्र पाहता येतं हे तुमच्या सरांना आपोआप कळेल.